लेमहाय खिंडीतलं थोरियम आणि रेअर अर्थ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल २०२५मध्ये चीनने सात रेअर अर्थ मूलद्रव्यांच्या (विजेच्या मोटारींच्या चुंबकांना वगैरे लागणाऱ्या धातूंच्या) निर्यातीला परवान्याची अट घातली. त्याची झळ पुण्याच्या दुचाकी कारखान्यांपर्यंत पोचली आणि तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर एकच विषय सुरू झाला. मी आयडाहोत राहतो. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकलो, पोटापाण्याला दुसरंच करतो. मामाचा पहिला मेसेज असा होता : "तुमच्याकडे थोरियमचा अख्खा डोंगर आहे म्हणे, मग अमेरिका चीनपुढे का वाकते?" रोख लेमहाय खिंडीकडे होता; थोरियम हा किरणोत्सारी धातू तिथे रेअर अर्थबरोबरच सापडतो. मग मित्र, मित्रांचे मित्र. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा सगळी उत्तरं इथे एकदाच लिहून ठेवतो.

ही खिंड नेमकी आहे कुठे?

आयडाहो आणि मोंटाना या दोन राज्यांच्या सीमेवर, बीव्हरहेड डोंगररांगेत. उंची ७,३७३ फूट, म्हणजे २,२४७ मीटर. कळसूबाईच्या माथ्यावर उभं राहून आणखी सहाशे मीटर चढलात तर जितकं होईल तितकं.

खिंड बरोबर जलविभाजकावर आहे. महाबळेश्वरला कसं, एका उतारावरचं पाणी सावित्रीतून कोकणात उतरतं आणि दुसऱ्यावरचं कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला जातं, तसंच इथे. पश्चिमेकडचं पाणी लेमहाय, सॅमन, स्नेक, कोलंबिया असं करत प्रशांत महासागराला मिळतं. पूर्वेकडचं मिसूरी आणि मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात.

१२ ऑगस्ट १८०५ रोजी अमेरिकी सरकारने पश्चिमेकडे धाडलेल्या लुईस-क्लार्क मोहिमेचा प्रमुख मेरिवेदर लुईस इथे चढून आला. पलीकडे समुद्राकडे नेणारी एखादी भलीमोठी नदी दिसेल अशी त्याची आशा होती. दिसल्या त्या डोंगरांच्या रांगांमागे रांगा, माथ्यावर बर्फ राखलेल्या. त्या दिवसांत अमेरिकेची हद्द या खिंडीपाशीच संपत होती. त्याच्या बुटाखालच्या खडकात काय आहे हे कळायला पुढे जवळजवळ दीडशे वर्षं गेली.

लेमही, लेम्ही की लेमहाय?

लेमहाय. १८५५मध्ये मॉर्मन पंथाच्या लोकांनी इथल्या खोऱ्यात वस्ती केली आणि आपल्या धर्मग्रंथातल्या लिमहाय राजाचं नाव तिला दिलं. वस्ती तीन वर्षांत उठली, नाव राहिलं. मीही पहिली दोन वर्षं "लेमही"च म्हणत होतो, लोक समजून घेत.

जमिनीत आहे तरी काय?

"थोरियमचा डोंगर" हे चित्र डोक्यातून काढून टाका. डोंगर आहे तो साधा क्वार्टझाइट आणि सिल्टाइटचा, सुमारे १४० कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या वाळूचा आणि गाळाचा. त्याला पडलेल्या भेगांतून पुढे कधीतरी खोलवरून गरम द्रावणं वर आली आणि भेगा भरून निघाल्या. त्या भरलेल्या भेगा म्हणजे शिरा, आणि माल आहे तो शिरांत.

शिरेत बहुतेक भाग क्वार्ट्झ आणि लोहाच्या ऑक्साईडांचा. त्यात बारीक कणांनी विखुरलेला थोराइट, म्हणजे थोरियमचं सिलिकेट, आणि मोनाझाईट, म्हणजे रेअर अर्थचं फॉस्फेट. सोबत अ‍ॅपेटाइट, बराइट वगैरे मंडळी.

दिसायला म्हणाल तर अगदीच सामान्य. आजूबाजूचा खडक करडा, आणि मध्येच हातभर रुंदीचा पट्टा काताच्या वडीच्या रंगाचा, बोट फिरवलं तर गंजासारखी तांबूस पूड लागते. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी त्याच्यावर पाय देऊन पुढे गेलो होतो. खिशातल्या स्वस्तातल्या गायगर काउंटरने थांबवलं. दोन पावलांवर तो सावकाश टिकटिकत होता, शिरेला टेकवला तर कढईत ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा तडतडायला लागला.

रेअर अर्थ म्हणजे दुर्मिळ माती का?

माती नाही आणि फारशी दुर्मिळही नाही. आवर्त सारणीतली पंधरा लँथनाइडं, शिवाय स्कँडियम आणि यट्रियम, अशी सतरा मूलद्रव्यं. जुने युरोपीय रसायनशास्त्रज्ञ पाण्यात न विरघळणाऱ्या, तापवून न बदलणाऱ्या ऑक्साईडांना "मृदा" म्हणत, तोच शब्द चिकटला. आपल्या पाठ्यपुस्तकांनी "दुर्मिळ मृदा" असं भाषांतर केलं आणि पिढ्यान्‌पिढ्या पोरांना वाटत राहिलं की ही शेतातून खणून काढतात. भूकवचात सेरियम साधारण तांब्याइतकंच आहे. दुर्मिळ आहे ती एकाच जागी, काढायला परवडेल इतकी दाट गाठ.

थोरियम आणि रेअर अर्थ नेहमी एकत्रच का सापडतात?

नेहमी नाही, पण फार वेळा. लाव्हारस थंड होताना खनिजं एकेक करून स्फटिकरूप घेतात आणि आपापल्या जाळ्यात सोयीचे अणू ओढून घेतात. थोरियम आणि रेअर अर्थचे आयन आकाराने मोठे आणि विद्युतभारानेही जड. नेहमीच्या खनिजांच्या घरात त्यांना जागा होत नाही. मग उरलेल्या रसात ती मागे मागे राहतात आणि शेवटच्या पंगतीला एकाच पानावर बसतात. लेमहायच्या बाबतीत तो मूळ रस कुठला, यावर भूवैज्ञानिकांचा संशय खोलवर दडलेल्या अल्कधर्मी किंवा कार्बोनेटाइट (मुख्यतः कार्बोनेट खनिजांच्या) प्रकारच्या खडकावर आहे.

ही जोडी मोडता येत नाही, आणि या पानावरच्या पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ तिथेच आहे.

हे सापडलं कसं?

युरेनियम शोधताना. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सरकार युरेनियमला हमीभाव देत होतं. शिक्षक, गुराखी, पेट्रोल पंपवाले, जो तो गायगर काउंटर घेऊन डोंगर तुडवत होता. काउंटर फक्त टिकटिकतो, युरेनियमसाठी टिकटिकतोय की थोरियमसाठी हे तो सांगत नाही. कॅलिफोर्नियातला माउंटन पासचा मोठा रेअर अर्थ साठा १९४९मध्ये असाच युरेनियमच्या नादात हाती लागला. लेमहायच्या भागात आधी तांबं आणि सोनं शोधून झालं होतं. १९५०च्या दशकात काउंटरवाले आले, त्यांनी चर खणले आणि आपल्या शिरांना नावं दिली. लास्ट चान्स, लकी हॉर्सशू, वंडर. नावांवरूनच माणसांची अवस्था कळते.

मग अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मॉर्टिमर स्टाट्झ यांनी हा टापू पायाखाली घालून नकाशे केले. आज जे काही आकडे फिरतात त्यांतले बहुतेक त्यांच्या १९७०च्या दशकातल्या कामातून आलेले आहेत. दोनशेच्या वर शिरा त्यांनी नोंदल्या. काही मीटरभर लांबीच्या, काही बोटभर जाडीच्या. सगळ्यांत मोठी लास्ट चान्स, मोंटानाच्या बाजूला : लांबी सुमारे १,३०० मीटर, रुंदी बहुतेक ठिकाणी ३ ते ८ मीटर.

साठा मोठा की छोटा?

कशाच्या मापाने, त्यावर आहे.

थोरियमच्या मापाने अमेरिकेतल्या शिरारूप साठ्यांत हा पहिल्या फळीतला. मोठ्या शिरा धरून साधारण ६४ हजार टन थोरियम ऑक्साईडचा अंदाज आहे. सरासरी प्रमाण ०.४३ टक्के. रेअर अर्थ ऑक्साईडांचं सरासरी प्रमाणही योगायोगाने तेवढंच, ०.४३ टक्क्यांच्या आसपास. काही नमुन्यांत ते दोन टक्क्यांच्या वर जातं, काहींत ०.१ टक्कासुद्धा भरत नाही.

म्हणजे टनभर दगड फोडला, दळला, आम्लात शिजवला, काहीही वाया गेलं नाही असं धरलं, तर हातात चार-सव्वाचार किलो थोरियम ऑक्साईड आणि तेवढंच रेअर अर्थ ऑक्साईड. बाकी ९९१ किलो राड.

आता दुसरं माप. समजा थोरियमइतकंच, म्हणजे ६४ हजार टन रेअर अर्थ ऑक्साईडही इथे आहे आणि ते सगळं निघालं. जगाचं २०२४चं उत्पादन सुमारे ३ लाख ९० हजार टन होतं. त्या हिशेबाने हा अख्खा साठा जगाला दोन महिने पुरेल. मामाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर एवढ्यातच आलं.

एक गोष्ट मात्र लेमहायच्या बाजूने बोलते. जगातल्या बहुतेक साठ्यांत स्वस्त सेरियम आणि लँथनम भरपूर असतं, महागाचं निओडिमियम थोडं. इथल्या काही शिरांत निओडिमियम आणि त्याच्या पुढची मधली मूलद्रव्यं चढ्या प्रमाणात आहेत. मोटारीच्या चुंबकाला लागतं ते निओडिमियमच. म्हणून कंपन्यांचं या खिंडीवरचं लक्ष अजून पुरतं उडालेलं नाही.

"लेमहायचं थोरियम अमेरिकेला शंभर वर्षं वीज देईल" हे खरं का?

हा दावा फिरत असतो आणि गंमत म्हणजे त्यातला भागाकार बरोबर आहे. एक टन थोरियम पूर्णपणे युरेनियम-२३३मध्ये बदलून त्याचं पूर्ण विखंडन झालं, तर हजार मेगावॅटचं केंद्र साधारण वर्षभर चालेल इतकी वीज मिळते. ६४ हजार टन ऑक्साईडात ५६ हजार टन थोरियम. अमेरिकेची सरासरी विजेची गरज त्या हजार मेगावॅटच्या पाचशेपटीच्या आसपास. भागून बघा, शंभराच्या वर वर्षं येतात.

अडचण "पूर्णपणे" या शब्दात आहे. थोरियम-२३२ स्वतः जळत नाही. त्याला आधी न्यूट्रॉन खाऊ घालावा लागतो, मग ते प्रोटॅक्टिनियम होतं, साधारण २७ दिवसांच्या अर्धायुष्याने त्याचं युरेनियम-२३३ बनतं, आणि ते जळतं. ओल्या लाकडासारखं आहे : आधी दुसऱ्या कुणाच्या तरी विस्तवावर वाळवायचं, मग चुलीत घालायचं. ते करून दाखवलं गेलंय. पेन्सिल्व्हेनियातल्या शिपिंगपोर्टच्या भट्टीत १९७७ ते १९८२ थोरियमचा गाभा चालला. अमेरिकेतल्याच ओक रिज प्रयोगशाळेची वितळलेल्या क्षारांची प्रायोगिक भट्टी १९६५ ते १९६९ चालली आणि शेवटी शेवटी युरेनियम-२३३वरही चालली. चीनने गोबी वाळवंटाच्या कडेला गान्सू प्रांतात दोन मेगावॅटची क्षारभट्टी उभी केली आहे. पण आज विजेच्या बाजारात रोजच्या रोज टनांनी थोरियम मागणारी अणुभट्टी जगात एकही नाही.

मग थोरियम विकत घेतं कोण?

जवळजवळ कुणीच नाही. हा प्रश्न सगळ्यांनी आधी विचारायला हवा होता.

एके काळी घेत. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख नावाच्या ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञाने १८८५मध्ये निओडिमियम आणि प्रासिओडिमियम वेगळे केले आणि त्याच माणसाने पुढे ९९ टक्के थोरियम ऑक्साईड आणि १ टक्का सेरियम ऑक्साईड असं मिश्रण करून गॅसबत्तीचं मँटल बनवलं. रेअर अर्थ आणि थोरियमची जोडी आपल्या लग्नाच्या वरातीतून मिरवत गेली आहे ती अशी. आमच्या गावात मँटलला सगळे "मेंटल" म्हणत. धाकटा काका रेशमी पिशवी नळीला दोऱ्याने बांधायचा, स्पिरिटवर पेटवायचा, कापड जळून जायचं आणि मागे राहायची पांढरी जाळी. फुंकर जोरात बसली तरी ढासळणारी. पंप मारला की तीच जाळी डोळे दिपवायची. जळून मागे राहिलेलं ते पांढरं म्हणजे थोरियम ऑक्साईड. आता मँटलं बहुतेक यट्रियमची येतात.

दुसरा वापर अजून दिसतो. भोसरीत किंवा शिरोलीत आर्गन वेल्डिंगच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये जा. लाल टोकाची टंगस्टनची काडी असते तिच्यात दोन टक्के थोरियम ऑक्साईड असतं, त्याने आर्क चटकन धरतो. वेल्डिंग करणाऱ्याला त्याचा त्रास नगण्य. टोक ग्राइंडरवर घासताना उडणारी धूळ मात्र छातीत जाऊ देऊ नये, मास्क लावावा. सेरियमच्या किंवा लँथनमच्या काड्याही मिळतात आणि काम तेवढंच करतात.

एवढ्या गिऱ्हाइकीवर खाण चालत नाही. अमेरिकेचीच गोष्ट घ्या. शीतयुद्धात सरकारने गरज पडेल म्हणून थोरियम नायट्रेट साठवून ठेवलं होतं, सुमारे ३,२०० टन, पिंपांत. गरज पडली नाही, विकत कुणी घेईना. शेवटी २००५च्या सुमारास ते सगळं नेवाडाच्या वाळवंटात, जुन्या अणुचाचणी क्षेत्रावर नेऊन पुरलं. शुद्ध केलेला, पिंपात भरलेला तयार माल सरकारनेच मातीआड केला, तर खडकातला कच्चा माल काढायला पैसे कोण घालणार?

थोरियम बाजूला टाकून नुसतं रेअर अर्थ काढता येणार नाही का?

"बाजूला" म्हणजे कुठे, हे ठरलं तर येईल.

प्रक्रियेत अशक्य काही नाही. दगड फोडायचा, पिठासारखा दळायचा, फेसावर तरंगवून जड खनिजं वेगळी करायची, मग तीव्र गंधकाम्लात तापवायची नाहीतर कॉस्टिक सोड्यात शिजवायची. आपल्याकडे ओडिशात छत्रपूरला मोनाझाईट कॉस्टिक सोड्यानेच फोडतात. त्यानंतर द्रावणातून थोरियम आधी खाली बसवतात आणि उरलेल्यातून सतरापैकी हवी ती मूलद्रव्यं शेकडो टप्प्यांच्या विद्रावक-निष्कर्षणाने, म्हणजे एका द्रवातून दुसऱ्या द्रवात ओढून घेत, सोडवत बसतात. लेमहायच्या दगडात खनिजं लोहाच्या ऑक्साईडात फार बारीक गुंतलेली आहेत, त्यामुळे दळणावळच महाग.

खरा पेच कायद्याचा आणि जागेचा. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाच्या नियमात वजनाने ०.०५ टक्के किंवा त्याहून जास्त थोरियम-युरेनियम असलेलं खनिज किरणोत्सारी कच्चा माल म्हणून मोजलं जातं. लेमहायचा सरासरी दगड त्याच्या आठपट. डोंगरातून काढलेला, प्रक्रिया न केलेला दगड नियमातून सुटतो. तो प्रक्रियेला घेतला की परवाना, देखरेख, धुळीचं मोजमाप, पाण्याचं मोजमाप आणि शेवटी राडीची व्यवस्था, सगळं मागे लागतं. किलोभर रेअर अर्थमागे किलोभर थोरियम निघतं. त्याला गिऱ्हाईक नाही, फेकायची सोय नाही आणि त्याचं अर्धायुष्य विश्वाच्या वयाहून मोठं, १,४०५ कोटी वर्षं.

हे हलक्यात घेतलं की काय होतं ते मलेशियात इपोहजवळच्या बुकित मेराहने पाहिलं. १९८०च्या दशकात तिथे मोनाझाईटवर प्रक्रिया करणारा कारखाना होता, थोरियमयुक्त राड नीट ठेवली गेली नाही, गावकरी कोर्टात गेले, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कारखाना बंद झाला आणि सफाई पुढे कित्येक वर्षं चालली. माउंटन पासच्या खनिजात थोरियम फारच कमी आहे आणि रेअर अर्थचं प्रमाण लेमहायच्या पंधरा-वीसपट. एकाच देशात ती खाण चालते आणि ही चालत नाही, त्याचं कारण हेच.

जमीन कोणाची? कुणी खाण काढायला लागलं तर?

बरीचशी संघराज्य सरकारची, वनखात्याची वगैरे. इथे १८७२चा खाणकायदा अजून लागू आहे. शिरेवर हक्क सांगायचा तर १,५०० फूट लांब आणि ६०० फूट रुंद एवढा तुकडा खुंट्या ठोकून नोंदवायचा आणि दरवर्षी शुल्क भरत राहायचं. आपल्याकडच्या लीज-लिलावाची सवय असलेल्याला हे ऐकून चक्कर येते. गेल्या काही वर्षांत आयडाहो स्ट्रॅटेजिक रिसोर्सेस या कंपनीने इथे असे बरेच तुकडे, म्हणजे क्लेम, धरून नमुने तपासायला सुरुवात केली आहे. त्यांचं पोट भरतं ते सोन्याच्या खाणीवर. व्यापारी प्रमाणावर थोरियम किंवा रेअर अर्थ मात्र लेमहायमधून आजवर निघालेलं नाही.

तिथे फिरणं धोक्याचं आहे का?

नाही. शिरेवर बसून डबा खाल्लात तरी काही होणार नाही. थोरियमचे अल्फा कण कातडीसुद्धा भेदत नाहीत. काउंटर तडतडतो तो मुख्यतः त्याच्या पुढच्या पिढ्यांमुळे, कारण थोरियम एकदम शिसं होत नाही. रेडियम, थोरॉन वायू, थॅलियम अशी लांबलचक मालगाडी असते आणि शेवटचा डबा शिसं-२०८. थोरॉनचं अर्धायुष्य मिनिटापेक्षा कमी, त्यामुळे उघड्या डोंगरावर तो साचत नाही. जुन्या बोगद्यात शिरू नका, पण ते किरणोत्सारापेक्षा छत कोसळण्याच्या भीतीने.

जमिनीतल्या थोरियमच्या सान्निध्यात माणसं कशी राहतात हे पाहायचं तर केरळात करुणागपल्लीला जावं. किनाऱ्याच्या वाळूतल्या मोनाझाईटमुळे तिथला नैसर्गिक किरणोत्सार चढा आहे. हजारो रहिवाशांवर दीर्घकाळ लक्ष ठेवून झालेल्या अभ्यासात त्यामुळे कर्करोगाचं प्रमाण वाढल्याचं आढळलं नाही. जपायचं ते दळलेल्या धुळीला आणि साठवलेल्या राडीला.

भारताकडे यापेक्षा जास्त थोरियम आहे ना?

कितीतरी. अंदाजे दहा लाख टन, बहुतेक मोनाझाईटमध्ये. १९०९मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाईट दिसलं, तिथून ही गोष्ट सुरू होते. १९५०मध्ये इंडियन रेअर अर्थ्स कंपनी निघाली, तिचं मुख्यालय मुंबईत प्रभादेवीला आहे. तिचा थोरियमचा कारखाना १९५५मध्ये मुंबईतल्या तुर्भ्याला (ट्रॉम्बे) सुरू झाला, म्हणजे लेमहायमध्ये चर खणत होते त्याच काळात.

फरक केवळ साठ्याच्या आकारात नाही. भारतीय मोनाझाईटमध्ये ८ ते १० टक्के थोरियम ऑक्साईड असतं आणि फोडण्या-दळण्याचं काम नद्यांनी आणि समुद्राने लाखो वर्षं फुकट करून ठेवलं आहे. सुपात पाखडल्यासारखी जड वाळू किनाऱ्यावर वेगळी पडलेली असते. लेमहायला तेच काम डिझेल जाळून करावं लागेल.

आणि तरीही आपल्याकडेसुद्धा थोरियम बहुतांशी साठवूनच ठेवलं जातं. होमी भाभांच्या अणुऊर्जेच्या तीन टप्प्यांच्या आराखड्यात ते तिसऱ्या टप्प्याला येतं. कल्पाक्कमची कामिनी ही युरेनियम-२३३वर चालणारी भट्टी १९९६पासून आहे, पण तिची क्षमता ३० किलोवॅट, तीही उष्णतेची. अनिल काकोडकरांसारखे लोक वर्षानुवर्षं सांगतायत की थोरियम लवकर वापरात आणा. माझं मत त्यांच्या बाजूचं आहे, पण त्यासाठी लेमहाय खणायची गरज नाही. तयार साठाच पडून आहे.

महाराष्ट्रात असं काही सापडेल का?

रत्नागिरीकडची काळी वाळू पाहून हा प्रश्न येतो. ती मुख्यतः इल्मेनाइटची, दख्खनच्या बेसॉल्टमधून झिजून आलेली. मोनाझाईट येतं ते ग्रॅनाइट आणि त्याच्या जुन्या रूपांतरित भाईबंदांतून, म्हणून कोकणात ते नगण्य. मात्र नंदुरबारच्या उत्तरेला नर्मदा ओलांडली की गुजरातेत छोटा उदेपूर जिल्ह्यात आंबाडोंगर लागतो. तो कार्बोनेटाइटचा कंकणाकृती डोंगर आहे, दख्खनच्या लाव्हाच्याच काळातला, आणि त्यात रेअर अर्थ आहे. फ्लोरस्पारसाठी तो आधीपासून ओळखीचा. लेमहाय पाहायला येण्याआधी तो पाहून या, जवळ आहे.

तिथे मूळचे राहणारे लोक कोण?

शोशोनी जमातीतले आगाइदिका, म्हणजे सॅमन मासा खाणारे. लुईस-क्लार्कच्या तुकडीबरोबर दुभाषी म्हणून चाललेली साकाजविया याच लोकांतली, आणि खिंडीच्या पूर्वेला तिची गाठ पडली ती टोळीचा मुखिया असलेल्या भावाशी, कॅमिआवेटशी. तुकडीला घोडे मिळाले ते त्यामुळे. १९०७मध्ये सरकारने या लोकांना उठवून दक्षिणेला फोर्ट हॉलच्या राखीव क्षेत्रात नेलं. खनिजं सापडली तेव्हा विचारायला इथे कुणी उरलं नव्हतं. नदीत सॅमन अजून समुद्रातून चढून येतो, आणि आज खाणीबद्दल बोलणं निघालं की खोऱ्यातले लोक आधी पाण्याचं विचारतात.

जाता येतं का?

उन्हाळ्यात येतं, आयडाहोची राजधानी बॉयझीहून सॅमन गावापर्यंत पाच-साडेपाच तास, पुढे टेंडॉय, मग एजन्सी क्रीकच्या काठाने कच्चा एकेरी रस्ता. आयडाहोच्या बाजूचा चढ वरंधा घाटाची आठवण करून देईल असा. समोरून गुरांची गाडी आली तर मागे कोणी घ्यायचं हे आधीच मनाशी ठरवून ठेवा. जास्तीचं चाक न्या, मोबाइलला रेंज नाही, बर्फ पडला की रस्ता बंद. माथ्यावर लाकडी कुंपण, गवत, साकाजवियाच्या नावाचं छोटं स्मारकस्थळ आणि एक झरा. थोरियमचा उल्लेख करणारा फलक मला तरी दिसला नाही.

येताना एखादा तुकडा आणाल का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा आला आहे. नाही आणणार. क्लेमवरचा दगड दुसऱ्याचा असतो, बंदराच्या आणि विमानतळाच्या किरणमापकांना त्यात रस वाटू शकतो, आणि शोकेसमध्ये ठेवलात तर गंजलेल्या विटेच्या तुकड्यासारखा दिसेल. आजोबांच्या माळ्यावर जुनी गॅसबत्ती असेल तर तिच्या डब्यात न वापरलेलं मँटल आहे का बघा.